चिंचेचं वावर

एमआयडीसीतून आमच्याकडं येणारा टेम्पोवाला मानेला निळा रुमाल बांधतो अन बोलताना नजर रस्त्यावरून काढत न्हाई. थांबा आला की तो जुन्या वावराचं नाव घेऊन हाळी देतो, "लिंबाखालचं, उतरा जल्दी. पानमळा, कोन उतरून राह्यलं?" तिथं आता लिंबबी न्हाई अन पानमळाबी न्हाई. सगळीकडं प्लॉट पडले, कमानी लागल्या. कामावरली पोरं हसतात, पण उतरतात बराबर.

माझं चिंचेचं वावर मीच विकलं. पोरानं त्यातला एक प्लॉट ठेवून घर बांधलं, मीबी तिथंच ऱ्हातो. जल्मात मी कोनापुढं मान खाली घातली न्हाई, पण विकल्यापासून त्या वावराचं नाव काही तोंडून काढलं न्हाई. टेम्पोवाला "चिंचेचं वावर" म्हणायचा, मी मुकाट उतरायचो.

परवा टेम्पोत मी एकलाच उरलो, अन त्यानं हाळीच दिली न्हाई.

मी म्हणलं, "कमानीपाशी सोड."

"कोन्ती कमान, चचा? मला न्हाई मालूम."

मीबी हट्टाचा, गप बसलो. घर मागं पडलं, पुढचा फाटा आला. मंग म्हणावंच लागलं, "चिंचेचं वावर."

त्यानं टेम्पो वळवला अन दारापाशी आणून सोडलं. मी उतरल्यावर म्हणला, "त्या चिंचेखाली मीबी बसेल हाय, चचा. मी एकल्यानंच किती दिवस हाळ्या द्यायच्या?"