म्हातारा बोका आणि समोरची कबुतरं

अहेरीतला जनावरांचा दवाखाना गाई-बैलांसाठी आणि बकऱ्यांसाठी आहे. तिथं मांजर घेऊन जाणारी बहुधा मी एकटीच. पहिल्यांदा मी पिशवीतून बोका बाहेर काढला, तेव्हा तिथले डॉक्टर त्याच्याऐवजी माझ्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, याच्यासाठी मले पुस्तक उघडा लागन." आणि खरंच त्यांनी पुस्तक उघडलं.

बोक्याच्या किडन्या थकल्या होत्या. तो सारखं पाणी प्यायचा, खायचा कमी, आणि पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, बरं होणारं दुखणं नाही, पण कातडीखाली दिवसाआड सलाईन दिलं तर बरा राहील. ते मला शिकवायची गरज नव्हती. सगळी नोकरी मी याच तालुक्यात नर्स म्हणून केली. सुया टोचण्यातच माझं आयुष्य गेलं.

बोका मला नोकरीत असताना आमच्या सरकारी दवाखान्याच्या जुन्या चादरींच्या खोलीत सापडला होता, डोळे नुकते उघडलेला. त्याच्या आईला कुत्र्यांनी फाडलं होतं. दुसरी एक पांढरी मांजर आहे, जन्माची बहिरी. शेजारच्या क्वार्टरमधले साहेब बदली होऊन गेले आणि ती मागे राहिली. तीन दिवस बंद दाराशी बसली, चौथ्या दिवशी माझ्याकडे आली. नवरा गेल्यावर मुलगी मला नाशिकला बोलवत होती. मी मांजरांचं कारण सांगायची. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

समोरच्या घरात एक टेलर राहतात. मी त्यांना भाऊ म्हणते आणि त्यांच्या बायकोला भाभी. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. भाऊंना कबुतरांचा फार शौक. गच्चीवर फळ्यांचा खुराडा, त्यात पांढरी, भुरी, गिरकी घेणारी, सगळ्या तऱ्हेची कबुतरं. बोका तरणा असताना एका हिवाळ्यात त्याने त्यातली एक जोडी मारली. भाऊ पिसं मुठीत धरून माझ्या दारात आले.

"बाई, तुमच्या वाघाले बांधून ठेवा."

"मांजर कुठी बांधून राहते का, भाऊ?" मी म्हटलं.

त्यांनी पिसं ओट्यावर ठेवली आणि निघून गेले. नंतर कित्येक वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. भाभी बोलायच्या, ईदला शीरखुर्माही स्वतः आणून द्यायच्या. पण माझे ब्लाऊज भाऊंकडे जायचे बंद झाले. मी ते आलापल्लीला टाकायला लागले आणि तिथला टेलर प्रत्येक वेळी बाही घट्ट करायचा.

सलाईन सुरू झालं तेव्हा माझेही गुडघे गेले होते. खाली मांडी घालून बसता येत नव्हतं, म्हणून बोक्याला मी इस्त्रीच्या टेबलावर घ्यायची. खिडकीच्या गजाला बाटली टांगायची, चष्मा लावून सुई बघायची. तो गुरगुरायचा, पण पळायचा नाही. पळण्याइतकी ताकद उरली नव्हती. त्याच्या आणि माझ्या गोळ्या एकाच डब्यात असायच्या. एका सकाळी मी माझी प्रेशरची समजून त्याची गोळी घेतली. तोंडात माशासारखी चव आली तेव्हा लक्षात आलं. काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याचा डबा वेगळा केला.

त्या उन्हाळ्यात मी पडले. मागच्या पायरीवर पांढरी मांजर झोपली होती. तिला मी आल्याचं ऐकू आलं नाही, मला मोतीबिंदूमुळे ती दिसली नाही. तिच्यावर पाय पडू नये म्हणून मी ऐनवेळी वळले आणि उजव्या हातावर आपटले. मनगट मोडलं. प्लास्टर घालणारा मुलगा मला ओळखत होता. म्हणाला, "सिस्टर, आता काही दिवस आराम." मला बोक्याचीच चिंता.

मुलगी रजा काढून आली. तिने घर सांभाळलं, माझी वेणी घातली, पण सुई तिला टोचवेना, ती बोक्याला पिशवीतून डॉक्टरांकडे न्यायची. जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "आई, बोक्याचं काय करायचं ते आता ठरव. किती ओढशील?" ती निर्दयपणाने बोलत नव्हती. मीही वॉर्डात अनेक रुग्णांच्या घरच्यांना हेच विचारलं होतं. पण बोका अजून सकाळी माझ्या मागे स्वयंपाकघरात येत होता, उन्हाच्या पट्ट्यात अंग चाटत होता. मी म्हटलं, अजून नाही.

ती गेली त्या संध्याकाळी भाभी भाजी घेऊन आल्या. मी डाव्या हाताने सुईचं टोपण काढायचा प्रयत्न करत होते. त्यांनी भाजीचा डबा खाली ठेवला.

"हे काय करून राह्यल्या, बाई?"

मी सांगितलं. त्यांनी बोक्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"माणसाले कधी टोचली नाई मी. याले कसं टोचू?"

"मानेमागची कातडी चिमटीत उचला. तंबू होते ना, त्या तंबूत सुई घाला. मी सांगते."

"थांबा. घरात सुईवाला माणूस हाये माझ्या. त्यालेच बोलावते."

भाऊ आले आणि उंबऱ्यातच थांबले. इतक्या वर्षांनी माझ्या घरात पाऊल टाकायचं म्हणून अडखळले असतील असं मला वाटलं. पण त्यांची नजर सुईवर होती.

"बाई, मले नाई जमत," ते म्हणाले. "मशीनची सुई कपड्यात जाते. ही अंगात जाते."

भाभी हसायला लागल्या. मग मलाही आठवलं, लसीच्या वेळी हेच भाऊ दवाखान्याच्या रांगेतून दोनदा परत गेले होते. शेवटी ठरलं असं की टोचायचं भाभींनी आणि बाटली धरायची भाऊंनी. माझ्या खिडकीचा गज निखळला होता, म्हणून बाटली धरायला माणूस लागतच होता. भाभींनी ओढणी खोचली, बिस्मिल्ला म्हटलं आणि एका दमात सुई घातली. बोका हललासुद्धा नाही. भाऊ हात उंच करून, तोंड भिंतीकडे वळवून उभे होते. बाटली निम्मी झाल्यावर त्यांनी हळूच मान वळवली.

"हाच काय तो?"

"हाच."

"लय बारीक झाला हो."

मग ते दोघं दिवसाआड येत राहिले. बाटली संपेपर्यंत गप्पा व्हायच्या. भाऊंना शुगर होती, एका डोळ्याने धूसर दिसायचं, म्हणून दुकान मुलाकडे दिलं होतं. कबुतरंही थोडीच उरली होती. गच्चीचा जिना आता रोज चढवत नाही, म्हणाले. मोडका हात पेलायला माझ्या गळ्यात अडकवलेली दवाखान्याची झोळी त्यांना पसंत नव्हती. "हे कोन शिवलं? मान कापून राह्यली तुमची," म्हणत त्यांनी शर्टाच्या मऊ कापडाची नवी शिवून आणली. पुढच्या आठवड्यात प्लास्टरवरून जाईल अशा सैल बाहीचा ब्लाऊज आणला. टाके पूर्वीसारखे सरळ नव्हते. बाही मात्र बरोबर बसली. मी तो अजून वापरते.

पाऊस संपता संपता बोक्याने खाणं सोडलं. मी त्याच्या हिरड्या पाहिल्या, पांढऱ्या पडल्या होत्या. श्वासाला वास येत होता. हा वास मला माहीत होता. त्या संध्याकाळी दोघं आले तेव्हा मी म्हटलं, "आज नका टोचू, भाभी. आता त्याचा उपयोग नाही."

भाभींनी मान डोलावली. भाऊच म्हणाले, "एक बाटली लावून पाहू ना, बाई. परवाच्या दिवशी कसा उठून बसला होता."

"भाऊ, आता त्याला त्रासच होईल."

"तुमाले काय माहीत?" ते जरा चढ्या आवाजात बोलले. मग त्यांनाच ते जाणवलं असावं. "नाई, तुमालेच माहीत," म्हणाले आणि खुर्चीवर बसून राहिले. डॉक्टरांना बोलवायचं का, याचा मी विचार करत होते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, मी शेजारी बसले असताना, त्याने दोन-तीन लांब श्वास घेतले आणि संपलं. मागच्या अंगणात भाऊंनी खड्डा खणला. मध्ये थांबून दम घेत होते. प्लास्टर निघालं होतं, पण माझ्या हातात फावडं धरण्याइतका जोर आला नव्हता. मी फक्त त्याला चादरीत गुंडाळून दिलं.

दिवाळीनंतर कोणीतरी माझ्या फाटकाशी खोक्यात एक पिल्लू ठेवून गेलं. गावात सगळ्यांना माहीत आहे, ही बाई मांजरं ठेवते. पिल्लू गुटगुटीत होतं, आवाज खणखणीत. मी त्याला दूध पाजलं आणि मोरीत ठेवलं. मांजर नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं सहज जगतं. मी त्यात माझं वय मिळवून पाहिलं. मग बाजाराच्या दिवसाची वाट पाहिली.

जंगलातल्या एका गावची बाई दर आठवड्याला चारोळी आणि हिरडा घेऊन बाजारात बसते. तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. खोकं तिच्यापुढे ठेवलं तर ती म्हणाली, "बरं झालं. कोठीतलं धान उंदीर खाऊन राह्यले." तिने पिल्लू उचललं, पोट दाबून पाहिलं आणि रिकाम्या टोपलीत ठेवून वर फडकं बांधलं. मी घरी येईपर्यंत डोळे पुसत होते. पण निर्णय चुकला असं वाटलं नाही.

महिन्याने ती भेटली तेव्हा विचारलं, "उंदीर धरते का?"

"कायचे उंदीर, बाई. पोरीच्या ताटातलं खाते अन् चुलीपाशी झोपते."

आता पांढरी आणि मी, दोघीच आहोत. माझ्या मोतीबिंदूची तारीख ठरली आहे. तेवढे दिवस पांढरी समोर भाऊंकडे राहील. ती कबुतरांच्या वाटेला जाणार नाही, इतकी ती म्हातारी आहे. तरी भाऊंनी खुराड्याला नवी जाळी मारून घेतली.