व्याह्यांची सात मेलखाती

अगं, दाराशी काय उभी राहिलीस परक्यासारखी? ये, अशी जवळ बस. सहा-सहा महिन्यांनी मावशीला तोंड दाखवतेस, गारखेड्यात येऊन पोटभर जेवतेस, अन् आमच्या व्याह्यांची साधी चौकशी करत नाहीस, ह्याला काय म्हणावं? लेकीचा सासरा म्हणून सांगत नाय, पण साऱ्या मराठवाड्यात ईमेलचा एवढा मोठा बागायतदार दुसरा सापडायचा नाय.

माणसाला मेलखातं असतं एक, लई झालं तर दोन. आमच्या व्याह्यांची सात. चितेगावच्या एका कंपनीत जन्मभर स्टोअर सांभाळलं; नटाच्या खोक्यात बोल्ट दिसला की त्या दिवशी त्यांना घास जायचा नाय. रिटायर होऊन पुंडलिकनगरात बसले अन् ते सगळं ध्यान मेलावर आलं. लाइट-गॅसच्या बिलांना एक खातं, बँकेला दुसरं, लग्नपत्रिका धाडणाऱ्या सोयऱ्यांना तिसरं. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांना चौथं. कापडाच्या दुकानातली पोरगी बिल करताना पत्ता मागते ना, तिच्या तोंडावर फेकायला पाचवं. सहावं कशाला, ते मला दोनदा समजावलं त्यांनी; दोन्ही वेळा माझा डोळा लागला. बरं, प्रत्येक खात्याला ॲप वेगळं. तीन स्वतःच्या फोनात, तीन बायकोच्या फोनात, असा संसार. एकदा मी म्हटलं, "अहो व्याही, एकाच ॲपात सगळी बसतात म्हणे." तर मी वरणात दूध ओतल्यासारखं बघितलं माझ्याकडं. म्हणाले, "विहीणबाई, एका दावणीला सात बैल बांधले की शिंगाला शिंग लागतंय."

सकाळी चहा झाला की शेतात पाणी द्यायला निघावं तसे निघायचे. ह्या वाफ्याचं पाणी तोडलं, त्या वाफ्याला लावलं. मधे कुणी हाक मारली तर हात वर करून, "थांबा, तिसऱ्यात आहे!"

सोयऱ्यांनाही सवय लागलेली. आपली पत काय, ते कितव्या खात्यातून मेल आला त्यावरून कळायचं. एका दिवाळीला माझ्या भावाला शुभेच्छा चौथ्यातून गेल्या. भाऊ घाबरा! "आक्का, माझं काय चुकलं गं?" म्हणत पेढे घेऊन पुंडलिकनगरला. व्याह्यांनी पेढे ठेवून घेतले, पाठीवर हात फिरवून माफ केलं, अन् बटण स्वतःच चुकीचं दाबलं होतं हे आजतागायत कबूल केलं नाय.

राहिलं सातवं. ते बियाण्याचं. गावाकडं पेरणीचं बी वेगळ्या कणगीत ठेवून वरून शेणानं लिंपतात, अन् पेरणीशिवाय कुणी हात लावत नाय, तसं. ते खातं कुणाला द्यायचं नाय, उगाच उघडायचं नाय. जुन्या टॅबमधे एकट्यानं राहायचं. तर माझ्या लेकीनं, दोन लेकरं मोठी झाल्यावर, एका शाळेत अर्ज करायचं ठरवलं. बी.एड. होऊन आठ वर्षं घरात बसलेली, मला म्हणाली, "आई, ही नोकरी लागली ना, तर मी पुन्हा माणसात येईन." फॉर्म व्याह्यांनी भरला. "सूनबाई, तुझं मेल म्हणजे आठवडी बाजार. त्या गर्दीत पत्र चेंगरून मरंल. आपलं सातवं घे." सख्ख्या लेकाला दिलं नव्हतं गं ते! मी आठवडाभर गल्लीत सांगत हिंडले.

आता टॅबला धूळ लागू नये, म्हणून त्यांनी तो बायकोच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून कपाटात ठेवला. "रोज कणगी उघडली की बियाला कीड लागती. पत्र आलं की टॅब वाजंल." वाजला असेलही. नऊवारीच्या चार घड्यांत कोण ऐकतंय? लेक वाट बघून थकली अन् सोमवारी शाळेत फोन केला. तिकडून बाई म्हणाल्या, "मॅडम, मुलाखती शनिवारीच झाल्या. तुम्हाला मेल टाकला होता."

व्याह्यांनी कपाट उघडलं. मी तिथंच होते. उभ्याउभ्याच वाचलं सगळं, दोनदा. मग एवढंच म्हणाले, "सूनबाई, माझ्या हातून पेरणी चुकली."

लेकीचे डोळे भरलेले, पण पोरगी माझीच की. म्हणाली, "पप्पा, लोक दुबार बी पेरतात."

पेरली तिनं. दुसऱ्या शाळेत अर्ज टाकलाय, ह्या खेपेला स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या फोनात. ह्या आठवड्यात कळवतो म्हणालेत. व्याही त्या फोनाला बोट लावत नाहीत. लांबूनच, पेपर वाचल्यासारखं करत विचारतात, "वाजला वाटतं काही?" वाजलेला असतो साड्यांचा सेल. स्वतःची सगळी खाती मात्र एकाच ॲपात कोंबून टाकलीत, अन् चार-चार दिवस उघडत नाहीत. ज्या माणसाला मी इतकी वर्षं हसले, त्याचं हे शहाण्यासारखं वागणं मला बघवत नाय गं.

म्हणून सांगते, ह्या खेपेला सहा महिने लावू नकोस. येत्या रविवारीच ये, आपण दोघी पुंडलिकनगरला जाऊ. तुझ्या मेलात पसारा झालाय म्हणून सांग, अन् नीट लावून द्या म्हण. दोनदा नको म्हणतील. तू हटू नकोस. तिसऱ्यांदा चष्मा मागतील. येशील ना?