कुलूप लावलेला मोबाईल

घरात मोबाईल दोन. एक माझा, एक धाकट्याचा. त्याला विज्ञानाचे व्हिडिओ बघायला घेतलेला. थोरली दहावीत, तिला नाही. बायको एकदा म्हणाली होती, "तिलाही बघू दे की." मी हसलो होतो. "तिला काय रॉकेट उडवायचंय?" वर मुलाला बजावलं, लॉक लाव, ताईच्या हाती देऊ नको. पोरीच्या हातात मोबाईल आला की गावात बोलणी सुरू होतात, ही माझी भीती.

त्या दिवशी मी संगमेश्वरला खत आणायला गेलो होतो. बायको भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, आंब्याच्या कलमांखालचा पातेरा, वाळकी पानं, गोळा करत होती. पानांत दडलेलं फुरसं, वीतभर विषारी साप, हाताला चावलं. मुलगा गावाबाहेरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, क्रिकेट खेळत होता, त्याचा मोबाईल घरात चार्जिंगला.

पोरीने आईला ओटीवर निजवलं, हात हलवू दिला नाही. शेजारची काकी दोरी घेऊन धावली, "आवळ गो आधी!" पोरीने दोरी बांधू दिली नाही. पुस्तकात शिकली होती. काकीकडे फोन नव्हता. मग आईला काकीपाशी सोडून ती धावली ती थेट सड्यावर. लॉक उघडायला भावाला आणायला.

तो आला, त्याने १०८ची गाडी बोलावली, मग मला फोन. मी सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा बायकोच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. काचेच्या नळीत घेतलेलं रक्त गोठत नव्हतं. डॉक्टर ती नळी कलती करून बघायचे, परत ठेवायचे. विषावरची लस चालू होती. मी त्या नळीकडे बघत उभा.

तेवढ्यात मुलगा ताईवर खेकसला, "लॉक असलं तरी १०८ लागतो. खाली इमर्जन्सी लिहिलेलं असतं, वाचता येत नाही तुला?"

"दिसलं होतं," ती म्हणाली. "पण बोट लावलं नि काय बिघडलं तर... बाबा ओरडतील."

पहाटेकडे रक्त गोठलं. बायको वाचली. पोर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. तिने विचारलं, "बाबा, मी हात लावला असता तर ओरडला असतात?"

"नाही गो."

ओरडलो असतो. आधी तेच विचारलं असतं, मोबाईलला हात कुणी लावला? तिला ते ठाऊक होतं. तिने मान हलवली आणि माझ्यापासून जराशी सरकून बसली.