सलीमभाईंच्या फ्रिजमधले दात

डॉक्टरांच्या टेबलावर मी पिशवी ठेवली, आत हात घातला आणि हाताला काहीतरी चिकट लागलं. बाहेर काढलं तर आमसुलं. चांगली किलोभर. खाली तिरफळांची पुडी, त्याखाली कुळथाचं पीठ.

"मॅडम, ये क्या है?" डॉ. मॅथ्यूंनी विचारलं.

"सर, मासळीच्या कालवणात घालतात."

"मछली नहीं, मुझे दाँत चाहिए. पेशंट पाँच बजे आ रहा है."

घड्याळात सव्वाचार झाले होते. पिशवी हुबेहूब माझ्या पिशवीसारखी. निळी, कापडी, रुवीतल्या एका सुपरमार्केटची. मस्कतमध्ये दर तिसऱ्या माणसाच्या हातात असते तसली. पण माझी नव्हती.

मी डेंटल टेक्निशियन आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप आमच्या लॅबमध्ये येतं. मी त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करते, त्यावर मेणात एकेक दात बसवते. मग मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायचं, गरम पाण्यात ते पक्कं करायचं, घासून पॉलिश करायचं. झाली कवळी. या सगळ्यात मी पेशंटला कधीच भेटत नाही. मला माहीत असतो तो त्याचा जबडा आणि केस नंबर. ही केस होती दोनशे चौदा. वरची-खालची पूर्ण कवळी, वय सत्त्याहत्तर. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लाल पेनने लिहिलं होतं : 'शुक्रवारी घरात लग्न. अर्जंट.'

लॅब रुवीत, क्लिनिक अल् घुब्राला, दोन्ही डॉ. मॅथ्यूंचीच. तयार काम एरवी आमचा ड्रायव्हर पोचवतो. तो सुट्टीवर होता. मी राहते घुब्रालाच, म्हणून म्हटलं, मीच नेते. रोजची लाल बस डोळ्यांदेखत निघून गेली. पुढच्या बसची वाट बघत उन्हात उभं राहायची ताकद नव्हती, म्हणून शेअर टॅक्सीत बसले. मागच्या सीटवर आम्ही तिघं. मधे एक दाढीवाले गृहस्थ, त्यांच्या पायाशी एक पिशवी, माझ्या पायाशी एक.

घुब्राचा पूल आला आणि नेमका लेकीचा फोन आला.

"आई, मी चावी विसरला. आणि मला खूप हंग्री होतंय."

"विसरला नाही, विसरले. शेजारच्या काकूंकडे बस."

"काकू नाही. लॉक आहे."

टॅक्सीवाला म्हणाला, "यल्ला मॅडम, यल्ला!" मागून हॉर्न वाजत होते. 'मग क्लिनिकवर ये' असं तिला सांगत मी फोन कानाला लावूनच खाली उतरले, वाकून पिशवी उचलली आणि दार लावलं. पुढचं तुम्हाला कळलंच.

लेक तोवर चालत क्लिनिकच्या रिसेप्शनमध्ये येऊन बसली होती. तिला बिस्किटं दिली आणि आमसुलांच्या पाकिटाकडे नीट पाहिलं. त्यावर मार्करने मराठीत लिहिलं होतं : 'सलीम, बरका'. खाली ओमानचा मोबाइल नंबर. गावाहून कोणाबरोबर तरी पाठवलेलं पार्सल असणार. पाठवणाऱ्या बाईचे मी मनातल्या मनात पाय धरले. आमच्या कवळीच्या डब्यावर फक्त २१४ लिहिलेलं होतं. तो डबा दुसऱ्याच्या हातात पडला तर त्याने करायचं काय?

फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. बरका म्हणजे इथून पाऊण तास, आणि गुरुवार असला तर देवच वाली. दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्यामुळे निम्मं मस्कत आपापल्या गावाकडे निघालेलं असतं.

पाच वाजून गेले, पेशंटचाही पत्ता नव्हता. सव्वापाचला तिसऱ्यांदा लावला, तेव्हा फोन उचलला.

"हॅलो, कौन?"

"सलीमभाई का? मी घुब्राहून बोलतेय. टॅक्सीत आपली पिशवी..."

"अवो ताई!" पलीकडून ओरडायचाच आवाज आला. "ते दात तुमचे हायत काय?"

"माझे नाहीत हो. पेशंटचे."

"मी आत्ताच दुकानात पोचलो. म्हटलं, बघू बायकोनं काय धाडलंय. डबा उघडतो तर आत माणूस हसतोय! माझा जीव वर गेला ना."

मला हसू आलं, पण लगेच बाहेरचं ऊन आठवलं. एकदा पक्कं झालेल्या अ‍ॅक्रिलिकला पुन्हा उष्णता चालत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा गरम पाण्यात राहिलं तर वाकतं. एका केसाएवढं वाकलं तरी कवळी हिरडीवर बसत नाही.

"सलीमभाई, डबा उन्हात ठेवू नका. आणि गरम पाण्याने धुऊ नका, हात जोडते."

"उन्हात कशाला? फ्रिजमध्ये ठेवलाय. लबनच्या बाटल्यांच्या बाजूला."

ताकाच्या शेजारी कवळी. चालेल. गारव्याने तिचं काही बिघडत नाही.

"कोणाबरोबर पाठवता येईल का?"

"ताई, दुकानात मी एकटाच हाय. टॅक्सीवाल्याकडं देऊ काय? पण कोणाच्या हाती पडतील, काय भरवसा?"

तो भरवसा मलाही नव्हता. एकदा हरवले तेवढे पुरे. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"पेशंटला काही सांगू नका," ते म्हणाले. "मशीन खराब झालं म्हणू. संडेला बोलवू."

"सर, लग्न उद्या आहे."

"मालूम है. पण आपले दात किराणा दुकानाच्या फ्रिजमध्ये आहेत, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"

"मी सांगते. चूक माझी आहे."

डॉक्टरांनी खांदे उडवले आणि फाइल माझ्यापुढे सरकवली. नंबर शोधायला मी ती उघडली. दोनशे चौदाचं नाव पहिल्यांदाच वाचलं. हमूद. फोनसाठी मुलाचं नाव, खालिद. आणि पत्ता : बरका.

मी पत्ता दोनदा वाचला. मग फोन लावला.

खालिदने सगळं ऐकून घेतलं. इथल्या पुष्कळ ओमानी लोकांसारखं त्यालाही हिंदी येत होतं. मी माफी मागत होते आणि तो मधेच म्हणाला, "कौन सलीम? मछली बाज़ार वाला?"

"मासळी बाजाराजवळ आहे का, ते मला..."

"हाँ हाँ, वही. मैं बाबा को लेकर बस निकल रहा हूँ. उधर से ही आता हूँ."

"राग नाही ना आला?"

"मॅडम, आप घर तक छोड़ के गये," तो हसत म्हणाला. "मुझे ही देर हो गयी."

त्याला खरंच उशीर झाला होता. पाचला येणारी माणसं साडेपाचला घरातून निघत होती. म्हणजे मी वेळेवर दात आणले असते, तरी डॉक्टर चिडचिडच करत बसले असते. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

साडेसहाला दार उघडलं. आधी काठी आली, मग पायघोळ पांढरा ओमानी झगा, म्हणजे दिशदाशा, मग हमूद. काखेत माझी निळी पिशवी. मला पाहून ते तोंड भरून हसले. आत एकही दात नव्हता. तो जबडा मी तीन आठवडे हातात खेळवला होता. त्यातला डावीकडचा उंचवटा मला अंधारात ओळखता आला असता. पण त्याच्याभोवती एवढा प्रसन्न चेहरा असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी कवळी बसवली. खालच्या हिरडीवर एका जागी टोचत होतं, तेवढी कवळी मी तिथेच घासून दिली. मग बोलून बघायचं असतं. दातांची जागा जरा चुकली तर 'स' म्हणताना शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले, "बाबा, सहा, सात मोजा." अरबीत दोन्हींत 'स' आहे.

"सित्ता," हमूद म्हणाले. "सब्आ."

शिट्टी नाही. ते थांबले. जिभेने दात चाचपले. मग काठी टेकून उभे राहिले आणि मोठ्या आवाजात काहीतरी म्हणायला लागले. लयीत, एकेक ओळ तोलून. रिसेप्शनमधली माझी लेक बिस्किट हातात धरून दारात येऊन उभी राहिली. खालिद हळूच म्हणाला, "आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात बाबाच उभे राहून हे म्हणतात. दात गेल्यापासून बंद केलं होतं. उद्या नातीचं लग्न आहे."

मला अर्थ एका ओळीचा कळला नाही. 'स' मात्र एकूण एक ऐकले. सगळे स्वच्छ होते.

सलीमभाईंची पिशवी खालिदबरोबर परत गेली. अर्धी आमसुलं त्यांनी फोनवरून हट्टाने मला काढून ठेवायला लावली. रविवारी क्लिनिकमध्ये खालिदकडून हलव्याचा डबा आला. डॉक्टरांनी त्यातला मोठा वाटा घेतला आणि लॅबला नियम काढला : प्रत्येक डब्यावर नाव आणि फोन नंबर. नियम चांगलाच आहे.

मी माझ्यापुरता आणखी एक काढला. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून हरवली तर आधी ज्याची आहे त्याला सांगायचं. बॉस काय सुचवतो ते नंतर ऐकलं तरी चालतं. तो काही बरक्याला राहत नाही.