रेवतीला पोचवायला निघालो तो दिवस

त्या सकाळी मी देवावर चिडलेलो होतो, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. सांगलीकडच्या एका बालगृहात मी जीप चालवतो. गाव माण तालुक्यातलं, घर धनगराचं, कुलदैवत पालीचा खंडोबा. बरीच वर्षं मुंबईत टेम्पो चालवला, मग कंबरेनं दगा दिला म्हणून माघारी आलो आणि ही नोकरी मिळाली. आईबापाविना लेकरांची गाडी चालवायची, म्हणजे देवानंच आपल्याला सेवा दिली असं मला वाटलं होतं. आतलं बघितल्यावर ते समाधान फार काळ टिकलं नाही.

लेकरं स्वच्छ होती, पोटाला वेळेवर मिळत होतं. पण तान्ह्यांच्या खोलीत पाय ठेवला की अंगावर काटा यायचा, कारण तिथं आवाजच नसायचा. एका रांगेत पाळणे आणि त्यात छताकडं बघत पडलेली लेकरं. रडून कुणी येत नाही, एवढं त्यांना कळून चुकलं होतं. मुलांना उचलायचं नाही, सवय लागते, असा आमच्या अधीक्षक मॅडमचा दंडक. लोकांनी दिलेली खेळणी काचेच्या कपाटात कुलपात, कारण मुलं मोडतात. पाहुणे आले की त्या कपाटासमोर फोटो निघायचे. एखादं लेकरू उपाशी ठेवलं असतं तर कुणीतरी बोंब मारली असती. इथं डोकी उपाशी मरत होती आणि भेट द्यायला येणारे लोक फरशी किती चकचकीत आहे ते बघून खूश होऊन जात होते.

रेवती अडीच वर्षांची. अगदी तान्ही असताना आमच्याकडं आलेली. चालायची नाही, बोलायची नाही, बसल्या जागी पुढंमागं झुलत राहायची. माझी नात तेवढ्याच वयाची आहे, ती दिवसभर ‘ह्ये काय, त्ये काय’ करून घर डोक्यावर घेते. दोघींत फरक काय तो मला दिसत होता. नातीच्या प्रत्येक प्रश्नाला घरात चार माणसं उत्तर द्यायला बसलेली होती. रेवतीला तपासायला एक साहेब आले, ती तापानं फणफणलेली असताना तिच्यासमोर टाळ्या वाजवल्या, तिनं डोळे मिटून घेतले. झालं. मतिमंद ठरली. साताऱ्याच्या पुढं तसल्या मुलांची एक संस्था आहे, तिथं पाठवायचं ठरलं. एकदा तो शिक्का बसला की दत्तक घ्यायला कोण येणार आणि शाळेत कोण घालणार? मी मॅडमना विचारलं, “बाई, हिला एकदा तरी कुणी खेळवून बघितलंय का?” त्या म्हणाल्या, “तुम्ही गाडी बघा.”

म्हणून गाडी काढली. मागं रेवती आणि तिला सांभाळायला कमलमावशी. मावशी वाईट बाई नाही. एकटीच्या वाट्याला खोलीभर लेकरं आल्यावर ती तरी काय करणार? कराड मागं पडलं. उंब्रज आलं की मी नेहमी पालीच्या दिशेला हात जोडतो. त्या दिवशी जोडले नाहीत. मनात म्हटलं, तुझ्यासमोर पोत्यानं भंडारा उधळतो आम्ही, आणि तुला ही एवढीशी पोर दिसत नाही. पुढं बघून गाडी हाकली, आणि उंब्रज ओलांडायच्या आत क्लच बसला.

कडेलाच एक गॅरेज होतं. मेकॅनिक इक्बालभाईंनी गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि क्लचप्लेट कराडहून मागवावी लागेल, दुपार होईल म्हणून सांगितलं. गॅरेजच्या मागंच त्यांचं घर. त्यांची बायको बाहेर आली, रेवतीकडं बघितलं आणि काही न विचारता तिला मावशीच्या हातून घेऊन कडेवर बसवलं.

मावशी म्हणाली, “आवं, तिला काय कळत न्हाई. उगं तरास तुमास्नी.”

“बाळाला कसला तरास,” ती म्हणाली. “कवापासनं गाडीत बसलीया, पाठ बघा की कशी आखडलीया.”

तिचं स्वतःचं लहान पोर होतं, त्याच्या शेजारी तिनं रेवतीला चटईवर बसवलं. काम करता करता तिची तोंडाची टकळी चालूच होती, थोडी त्यांच्या बोलीत, थोडी मराठीत. ही बघ वाटी, हा बघ चमचा, ऐक कसा वाजतो. रेवती झुलत होती. तास गेला असेल. मी उंबऱ्यात बसलो होतो, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्या बाईनं हसत हसत वाटीवर फडकं टाकलं आणि विचारलं, “कुठं गेली गं वाटी?” रेवती झुलायची थांबली. फडक्याकडं बघत राहिली. मग हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा केला आणि फडकं ओढलं. वाटी दिसल्यावर तिच्या घशातून एक बारीक आवाज आला. हसण्यासारखा.

कमलमावशीनं पदर तोंडाला लावला. मला मात्र रडू आलं नाही. मस्तकात तिडीक गेली. एक वाटी आणि एक फडकं. एवढंच लागत होतं, आणि अडीच वर्षांत तेवढंही या पोरीला कुणी दिलं नव्हतं.

गाडी तयार झाली. परत फिरावं असं फार वाटलं, मॅडमना फोनही केला. “पोचवून या, नाहीतर उद्यापासून येऊ नका,” एवढंच ऐकायला मिळालं. गाडीत बसल्यावर पालीच्या दिशेला तोंड केलं. नवस बोललो नाही, मागणंही घातलं नाही. माझ्या हातात आता काही उरलं नाही, पोर तुझी आहे, तू बघ, एवढंच म्हणालो.

संस्थेत पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. तिथला कारकून म्हणाला, “सकाळी आला असता तर लगेच ताब्यात घेतलं असतं. आज दुपारनंतर डॉक्टरबाई असतात, आता त्यांनाच दाखवा.” त्या महिन्यातून एकदाच येतात, हे मला नंतर समजलं.

डॉक्टरबाई खुर्ची सोडून फरशीवर बसल्या. घाई केली नाही. मागून घंटी वाजवली, रेवतीनं मान वळवली. पेल्याखाली बिस्कीट लपवलं, तिनं पेला उचलला. मी उंब्रजचं सांगितलं, ते त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग आमच्या मॅडमना फोन लावला, आणि डॉक्टरबाईंचा आवाज संतापानं चढला होता. “हिला ऐकू येतं, दिसतं, लपवलेलं शोधता येतं. अडीच वर्षांत हिच्याशी बोललं कोण, त्याचं नाव सांगा मला.” फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, “काका, किती भरून निघेल ते आज सांगता येत नाही. पण हिची जागा इथं नाही. हिला रोज तेच माणूस पाहिजे, उचलणारं आणि बोलणारं.”

त्याच जीपनं आम्ही रेवतीला माघारी आणलं. डॉक्टरबाईंनी वरपर्यंत लावून धरलं, तपासणी झाली, उचलायचं नाही हा दंडक गेला, खेळणी लेकरांच्या हातात आली. मॅडम अजून त्याच खुर्चीत आहेत. रेवतीच्या आधी दोन मुलं त्या संस्थेत गेली होती, डॉक्टरबाईंनी त्यांनाही पुन्हा तपासायला घेतलं, त्यातला एक मुलगा परत आला. त्या दोघांच्या वेळी गाडी का बंद पडली नाही, हा प्रश्न मी पालीला जाऊन देवाला विचारला आहे. उत्तर मिळालेलं नाही.

क्लच काय, झिजला की बसतोच, ड्रायव्हरला हे कुणी सांगायला नको. पण त्याच गावात, त्याच दारात आणि त्याच दिवशी बसला, त्याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. हात न जोडणाऱ्याचंही त्यानं ऐकलं, एवढं मला पुरतं. स्वाधीन होणं म्हणजे मुकाट सोसणं असं मी समजत आलो होतो. मी माझा राग त्याच्या पायाशी ठेवला, आणि मला वाटतं, त्यानं तो कामाला लावून मलाच परत दिला. अजून तो माझ्याजवळ आहे.

रेवती आता अंगणवाडीत जाते. कमलमावशीची बोली उचलली आहे पोरीनं. तिचा पहिला शब्द निघाला तेव्हा मी तिथंच होतो. पाहुणे आले होते, फोटो काढायचा होता, म्हणून मॅडमनी तिला उचलायला हात पुढं केले. रेवती मावशीच्या मांडीवर मागं सरकली, मॅडमच्या डोळ्याला डोळा देऊन बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, “न्हाई.”

बाहेर जीपजवळ येऊन मी पालीच्या दिशेला हात जोडले.