जनाआत्याचा टब

आम्ही भावंडं कुठेही जमलो, लग्नाला नाहीतर मयतीला, की चहा येईपर्यंत कोणीतरी टबाचा विषय काढतंच. किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही हो! सुतळीच्या तुकड्यांसारखे ते घरात आपोआप साठत जातात.

बाबा तेव्हा मध्य प्रदेशात बालाघाटला सरकारी जीपचे ड्रायव्हर होते. साठ-बासष्टची गोष्ट. एका जुन्या इंग्रजी बंगल्यात भिंती घालून क्वार्टर पाडले होते. बडे बाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, दिवाणखाना मिळाला, कंपाउंडरला व्हरांडा, आणि आम्हाला एक खोली, एक पडवी आणि साहेबाची बाथरूम! तिच्यात बिडाचा पांढरा टब होता. त्याचे पाय वाघाच्या पंजासारखे, आणि बुडाला गंजून पडलेलं भोक.

बाबा म्हणाले, "फेकून देऊ. इथं सिमेंटचा हौद बांधतो."

बाबांची थोरली बहीण, जनाआत्या, किरनापूरकडच्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आली होती. विधवा बाई, गुडघे धरलेले. ती टबाच्या काठावरून हात फिरवत म्हणाली, "हौदात बसता येते का? मी यात बसीन. एकडाव गळ्यापर्यंत पाण्यात बसू दे मले."

झालं! टब की हौद, हे भांडण आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललं. आत्या गेली तरी मला अजून त्या भांडणाची आठवण येते.

*

पहिल्या दिवशी भोकात चिंधी कोंबून आत्या आत बसली. बसली ती बसलीच. गुडघे वाकलेले, साबणाने बूड गुळगुळीत, उठताच येईना. आई हात धरून ओढायला गेली आणि लुगड्यासकट आत!

बाबा आत्याला बाई म्हणत. ते बाहेरून ओरडले, "बाई, काय झालं?"

आत्या म्हणाली, "काई नाही. तुही बायको भेटाले आली!"

साठल्या पाण्यातली अंघोळ आत्याला पुरती पटत मात्र नसे. टबातून निघाली की ती बादलीतले दोन तांबे अंगावर घ्यायची. बाबा म्हणायचे, "ही अंघोळीची अंघोळ!"

*

चिंधीनं भागेना, म्हणून आत्यानं रस्त्यावरून कल्हईवाल्या चाचांना बोलावून आणलं. ते टबाला तीन प्रदक्षिणा घालून थांबले.

"बाप रे! इसमें कितने लोगों का चावल पकता है?"

"एकाचाच," आत्या म्हणाली. "मीच शिजतो त्यात!"

चाचा हसत हसत निघून गेले. भोक तसंच राहिलं.

*

मग बाबांनीच मनावर घेतलं. परसवाडा गावच्या रस्त्याचं काम चाललं होतं, तिथून डब्यात डामर आणलं आणि भोकावर थापलं. थेंबभर पाणी गळेना. बाबांची कॉलर ताठ!

थंडीचे दिवस. आत्यानं कढत पाणी ओतलं आणि डोळे मिटून बसली. डामर पाघळलं. ती बाहेर आली तेव्हा कमरेपर्यंत काळी पट्टी उमटली होती. आई रॉकेलचा बोळा घेऊन पुसत होती आणि आत्या बाबांना विचारत होती, "सारा बालाघाट जिल्हा पडला व्हता, भाऊ. सडक माह्याच पाठीवरून काहून काढली?"

*

ताईला पाहायला गोंदियाचे पाहुणे आले, तेव्हा आई धास्तावलेली. स्थळ चांगलं होतं. मुलाचे काका हातपाय धुवायला आत गेले ते बराच वेळ येईनात. आले ते गंभीर होऊन बसले.

"गव्हाण मोठी हाय तुमची," ते म्हणाले. "घोडा कुठी बांधता?"

आत्या पडवीतून म्हणाली, "घोडा नाही, पाव्हणे. घोडी हाय, अन् ते मीच व्हय!"

काका इतके हसले की पोह्यांचा ठसका लागला. लग्न जमलं. ताईच्या सासरी आत्याला शेवटपर्यंत मानानं बोलावत.

*

त्यानंतरच्या एका मे महिन्यात भोक मुठीएवढं झालं. बाबांनी निर्वाणीचं सांगितलं, "बाई, आता शेवटचं. मी जीपच्या ट्यूबचं रबर अन् लोखंडी पत्रा लावून बोल्टनं आवळतो. सकाळी काठोकाठ भरू. संध्याकाळी पाणी उतरलं दिसलं, त उद्या हौदाचा मिस्त्री येते."

आत्या "हौ" म्हणाली. तिनं राखेनं टब घासला, नळाला पाणी होतं तोवर भरला, काठाशी कोळशानं रेघ ओढली. बाबा साहेबांना घेऊन लालबर्ऱ्याला गेले. ती दाराशी राखण करत बसली.

संध्याकाळी गावात नळ आलाच नाही. मोटर जळाली म्हणे. दिवेलागणीला दारात बडे बाबूंची बायको उभी! आम्ही तिला भाभीजी म्हणत असू. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. एका भिंतीपलीकडे राहूनही तिनं आमच्याकडचा पाण्याचा पेला कधी हातात धरला नव्हता. तिचं धाकटं पोर तापानं फणफणलं होतं. उंबऱ्याबाहेरूनच तिनं घागर पुढे केली.

"जनाबाई, ऊपर से जरा डाल दो."

आत्याच्या गावी विहिरीच्या पायरीवर आमच्या बायकांना चढू देत नसत. खाली घागर धरून उभं राहायचं, कोणाच्या मनात आलं तर तो वरून ओतणार.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी वरून नाही ओतत, बाई. अंदर आओ. अपने हाथ से भरो."

भाभीजी थांबली. मग चप्पल काढून आत आली आणि तिनं घागर टबात बुडवली.

तेवढ्यात बाबा आले. तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते तडक टबापाशी गेले, रेघेखाली उतरलेलं पाणी पाहिलं आणि म्हणाले, "गळला ना शेवटी!"

"गळला नाही, भाऊ," आत्या म्हणाली. "सरक जरा. भाभीजीले दुसरी घागर भराची हाय."