पिळून टाकलेला चीक

"आमच्यात न्हाई चालत." उपकेंद्राच्या पायरीवर चप्पल काढता काढताच ती हे म्हणायची. मी अजून तोंडही उघडलेलं नसायचं.

चकलांब्याच्या बाजूला एका वस्तीजवळ मी नर्स आहे. शेळ्या राखणारी ही बाई वस्तीतल्या प्रत्येक बाळंतिणीबरोबर हजर. सगळ्या तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. लोहाच्या गोळ्या तिला चालत नसत, कारण त्यांनी म्हणे बाळ काळं निपजतं. इंजेक्शन मात्र चालायचं, आणि एकाऐवजी दोन दिली तर ती जास्त खूश. रीत कुठे वाकवायची हे तिला नेमकं ठाऊक होतं.

एक रीत मात्र तिने कधी वाकवली नाही. आईचं पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, तीन दिवस पिळून टाकायचा आणि बाळाला गुळाच्या पाण्याचा बोळा चोखायला द्यायचा. तिच्या आईने तिच्या वेळी टाकला, तिने लेकींच्या वेळी टाकला. "नासकं असतंय ते, सिस्टर," एवढंच तिचं शास्त्र.

मी भिंतीवर तक्ता लावला. बाळाला पाजणारी गोरीपान आई, मागे गुलाबाची कुंडी. मावशीने तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "हिला सासू न्हाई वाटतं."

मी चिडायचे, जरा जास्तच चिडायचे. माझ्या आईनेही माझ्या वेळी हेच केलं होतं, ते मात्र मी कुणाला सांगत नसे.

मग तिची धाकटी लेक माहेरी बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी मी घरी तपासायला गेले. जन्मलेली मुलगी अगदी बारीक, मलूल. दूध टाकणं सुरू झालेलंच होतं. तेवढ्यात अंगणात शेळी व्याली आणि मावशीचा थोरला मुलगा खरवसासाठी तांब्या घेऊन बसला. मावशी त्याच्यावर कडाडली.

"कावून पिळतो रे? आदी करडाला पाज! पोटात चीक न्हाई गेला तर सांजंपातुर मरंल ते!"

मला तर लॉटरीच लागली. "आणि नातीला, मावशी?"

जिंकल्याचा आनंद माझ्या तोंडावर दिसला असणार. त्याची आज लाज वाटते. तिने खाली बसून करडाचं तोंड शेळीच्या आचळाला लावलं. मग म्हणाली, "माझ्या दोन लेकी पाच दिवसाच्या आत गेल्या. त्या ह्यानंच गेल्या का?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? इतकी वर्षं मी हेच तर घसा फोडून सांगत होते. आता मात्र मी म्हणाले,

"नाही मावशी. त्यांचं कारण वेगळं असेल."

"मंग हिला पाजायचं कशाला?"

आत पोरीचं रडणं बंद झालं होतं. मावशी उठली, आत गेली आणि नातीला उचलून लेकीच्या कुशीत ठेवलं. "पाज तिला," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून शेळ्यांमागे निघून गेली.

नात जगली. आता अंगणवाडीत जाते आणि आजीसारखीच भांडते.

मावशीने तो विषय माझ्यापाशी पुन्हा काढला नाही. पण वस्तीतल्या बायका एकेक करून पहिलं दूध पाजू लागल्या. मला वाटलं, तक्ता कामी आला. तालुक्याच्या गावी माझा सत्कार झाला, मी शाल-नारळ घेऊन ऐटीत परतले.

मागच्या उन्हाळ्यात मावशी वारली. महिन्याभराने तिची सून बाळंत झाली. मी काही सांगायच्या आत तिने बाळाला छातीशी घेतलं.

"तुला कुणी शिकवलं गं?"

"आत्याबाईंनी. समद्या बायकांना सांगायच्या त्या. म्हणायच्या, मी माझ्या दोन लेकी उपाशी मारल्या, तुमी मारू नका."

आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, की त्या दिवशी खोटं बोलून मी तिला सोडवलं.